बोटीवर जेवायला काय घालायचं?

चार रिटायर मास्तर रोज सकाळी एकाच हॉटेलात, एकाच बाकड्यावर बसले की किस्से आपोआप साठतात. सांगितले नाहीत तर पोट दुखतं! आमचा अड्डा लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोर. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले बिराजदार अप्पा, पीटीचे जाधव सर, मराठीचे वाघमारे गुरुजी आणि मी. गेल्या हिवाळ्यात जाधव सरांच्या डोक्यातून निघालं की मुंबईहून क्रूझवर जायचं, तीन रात्री बोटीवर राहायचं. अप्पांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या महानंदाकाकी म्हणाल्या, "मी बी येणार!" झालं! तेव्हापासून किस्स्यांना तोटा नाही.

*

पहिला धक्का बाकड्यावरच बसला. ट्रॅव्हलवाल्याचा मेसेज आला: शेवटच्या रात्री फॉर्मल डिनर आहे, कोट-टाय घालून यावे. सक्ती नाही, पण आग्रह आहे.

अप्पांनी चष्मा पुसून मेसेज पुन्हा वाचला. "जेवायला कपडे घालायचे?"

"चांगले कपडे, अप्पा," जाधव सर म्हणाले.

"अहो, आमच्यात जेवायला बसताना अंगातला सदरा काढून ठेवतेत!"

हॉटेलातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. जाधव सर म्हणजे जन्माचे शिस्तीचे. "नियम म्हणजे नियम!"

"पोट माझं, धोतर माझं. बोटवाल्याचं काय जातंय?"

चहा गार होईपर्यंत दोघांची जुंपली होती. वाघमारे गुरुजी तेवढे शांत. त्यांना कसली काळजी? ते कोटातच बसले होते!

*

हा कोट सगळ्या लोहाऱ्याला माहीत आहे. काळा, सगळी बटणं लावलेला. मे महिन्यात, वडापच्या जीपमध्ये माणसावर माणूस कोंबलेला असताना गुरुजी आपले कोटात! "गुरुजी, उकडत न्हाय का?" असं आम्ही नोकरीभर विचारलं. उत्तर एकच, "न्हाय." घाम कानामागून कॉलरमध्ये उतरतोय, आणि हे म्हणतात "न्हाय"!

एकदाच तो कोट लाँड्रीत अडकला. गुरुजी नुसत्या शर्टवर कसल्याशा दाखल्यासाठी एका ऑफिसात गेले. साहेबानं मान वर न करता सांगितलं, "ए, भाईर थांब!" दुसऱ्या दिवशी गुरुजी कोट घालून गेले. तोच साहेब, तेच टेबल. "या सर, बसा!" म्हणत त्यानं स्वतः उठून खुर्ची पुढं केली.

मला धक्काच बसला. "आदल्या दिवशीचा माणूस वळखला न्हाय व्हय त्यानं?"

"वळखलं की. कोटाला वळखलं!" गुरुजी हसत म्हणाले. "आमचा बाप जन्मभर पाटलाच्या ओट्याखाली उभा राहून बोलला. मला बसायला तर मिळतंय."

जाधव सरांनी घाईनं आणखी एक चहा सांगितला.

*

बोटीवर नियम म्हणजे नियम! जाधव सरांनी पहिल्याच रात्री सूट चढवला. तो होता जावयाचा, लग्नातला. पोटाशी बटण लागेना म्हणून आतून सेफ्टीपिन. असे आम्ही डायनिंग हॉलमध्ये शिरलो आणि जागीच थांबलो. शेजारच्या टेबलाशी सत्तरीचे एक गृहस्थ, पोहून थेट आलेले, अर्ध्या चड्डीवर! केसांतून पाणी गळतंय. आणि वेटरनं त्यांच्यासाठी वाकून खुर्ची ओढली. "वेलकम, सर!"

जाधव सरांचा आ वासलेला. अप्पा त्यांच्या कानाशी वाकले. "सर, तुमचा नियम ओला हाय!"

आम्ही हसून हसून बेजार. गुरुजी मात्र जेवण सोडून त्या चड्डीवाल्याकडंच बघत होते.

*

दुसऱ्या रात्री काकींनी ठेवणीतली इरकल नेसली. अप्पा म्हणाले, "कुणाचं लगीन हाय?" काकी म्हणाल्या, "घरी चुलीम्होरं बसून जेवते, हितं कुणीतरी वाढणार हाय. नटू द्या की जरा!"

पण डायनिंग हॉलच्या दारात काकी थबकल्या. आत सगळी माणसं बूट घालून जेवत होती! "अगं बाई! अन्नापाशी पायताण?" त्यांनी आम्हा सगळ्यांना बूट-चपला बाहेर काढायला लावल्या. दाराशी ओळीनं पाच जोड लागले.

जेवून बाहेर आलो, तर एकही जोड नाही! काकींनी कपाळावर हात मारला.

"बया! समुद्रात बी चपलाचोर!"

थोड्या वेळानं हातमोजे घातलेला एक कर्मचारी प्लास्टिकच्या पिशवीत सगळे जोड घेऊन आला. कुणीतरी विसरून गेलं असं समजून त्यानं ते जमा केले होते. काकींनी मोजून घेतले.

*

शेवटची रात्र. फॉर्मल डिनर! अप्पा धोतर-टोपीत. दारातल्या मॅनेजरनं हात जोडून हिंदीत विनंती केली, आज जरा टोपी काढून ठेवाल का?

अप्पा लालबुंद. "टोपी काढायला कोण मेलंय?"

मॅनेजरला मराठी येत नव्हती, पण आवाज कळला. टोपी डोक्यावरच राहिली.

आत सगळा हॉल कोट-टायनं भरलेला. जाधव सर खुशीत होते. "आज गुरुजींचा दिवस! जन्मभर आपण ज्या कोटाची थट्टा केली, त्याला आज मान!" मी आणि गुरुजी एकाच केबिनमध्ये होतो. मी निघालो तेव्हा ते कोटाला ब्रश मारत बसले होते. "तुमी व्हा म्होरं," म्हणाले.

आम्ही दाराकडं डोळे लावून बसलो.

आणि गुरुजी आले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चपला. बस्स!

काकींचा हात तोंडावर गेला. नोकरीभर सोबत काढली, पण या माणसाचे उघडे कोपर चारचौघांत मी पहिल्यांदा पाहिले! त्यात पहिल्या रात्रीचा तो वेटर त्यांच्याकडंच निघालेला. आता हा काय म्हणतोय? सगळ्या हॉलसमोर गुरुजींना "बाहेर थांबा" म्हणाला तर? गुरुजीही टेबलापाशी येऊन उभेच राहिले होते. बसेनात.

"गुड इव्हनिंग, सर!" वेटरनं वाकून खुर्ची ओढली. गुरुजी बसल्यावर त्यांच्या मांडीवर रुमाल पसरला.

गुरुजी काही वेळ खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

"गुरुजी, कोट?" जाधव सरांनी कसंबसं विचारलं.

"केबिनमधी हाय."

मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले,

"लई उकडायचं हो त्या कोटात."