संगीताने दिलेलं कार्ड

ते चोवीस शब्द कॉम्प्युटरमध्ये मी टाकले. एवढं एक वाक्य मी कितीतरी वर्षं कुणापुढे उच्चारलं नव्हतं — बायकोपुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही थांबत थांबत. कारण चूक सांगणं तितकं अवघड नाही. चुकीनंतर मी जे केलं, ते सांगणं अवघड आहे.

माझा साडू प्रशांत वर्ध्याजवळच्या जाम गावात राहतो. हायवेला लागून त्याचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान, मागे घर. त्याने थोडं थोडं करून क्रिप्टोमध्ये, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनात, पैसे टाकले होते, मुलीच्या शिक्षणासाठी. एका मित्राच्या सांगण्यावरून हार्डवेअर वॉलेटही घेतलं. दिसायला पेनड्राइव्हसारखं, वर छोटा पडदा. क्रिप्टोची किल्ली त्या यंत्रात राहते. यंत्र हरवलं तर कार्डावर लिहून ठेवलेल्या चोवीस शब्दांवरून सगळं परत मिळतं. म्हणजे ते शब्द ज्याच्या हाती लागले, सगळं त्याचं झालं. हे आज मला समजतं. त्या रविवारी समजत होतं का? नाही. पण समजत नाही असं म्हणायची मला सवयच नव्हती.

मी वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे आणि सासरचा मोठा जावई आहे. कुणाचा ऑनलाइन फॉर्म असो, कुणाचा प्रिंटर अडलेला असो — सगळे मलाच विचारतात. माझ्या बोलण्यावर तिथे कुणी उलट बोलत नाही. इतक्या मानाची चटक लागल्यावर ‘हे मला येत नाही’ असं माणूस म्हणेल कसा? — असो. म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

जेवणं झाल्यावर प्रशांतने नवा लॅपटॉप समोर ठेवला. वॉलेट जोडायचं, थोडे कॉइन विकायचे, मुलीची नागपूरच्या कॉलेजची फी भरायची, एवढंच काम. खोक्यातला माहितीचा कागद मी घडी करून चहाच्या कपाखाली सारला. त्याच कागदावर अगदी वर छापलं होतं — हे शब्द कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर टाकू नका, आणि प्रोग्राम फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. ते मी नंतर वाचलं. तेव्हा मात्र कंपनीचं नाव टाकून तो प्रोग्राम शोधला आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं. रंग तोच, चिन्ह तेच. शंका का यावी?

तेवढ्यात प्रशांतला गिऱ्हाइकाने हाक मारली, तो दुकानात गेला. इकडे लॅपटॉपवर चौकट आली — यंत्राची खात्री करण्यासाठी चोवीस शब्द भरा.

मी संगीताला बोलावलं. संगीता म्हणजे प्रशांतची बायको, माझ्या बायकोची धाकटी बहीण. तिने कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी एकेक शब्द स्पेलिंग तपासून भरला. किती काळजीने! मग ‘एरर’ आला. मी कार्ड तिला परत दिलं. तिने ते डब्यात ठेवलं, कपाटाला चावी लावली. प्रशांत आल्यावर म्हणालो, सर्व्हर बंद आहे, पुढच्या रविवारी बघू.

पुढचा रविवार यायच्या आतच त्याचा फोन आला. वॉलेट रिकामं होतं.

मला त्याच क्षणी कळलं — ती जाहिरात खोट्या वेबसाइटची होती, शब्द मीच चोरांच्या हाती दिले होते. जामला जाईपर्यंत बसमध्ये मी स्वतःला बजावत होतो — सांगून टाकायचं. घरात सगळे बसले होते. माझ्या सासूबाई, म्हणजे संगीताची सख्खी आईसुद्धा. मित्राने प्रशांतला सांगितलं होतं की शब्द कुणाच्या तरी हाती लागल्याशिवाय असं होत नाही. कार्ड कुणी पाहिलं, एवढाच प्रश्न होता.

संगीता लगेच म्हणाली, “मी तं भाऊजीलेच देल्लं होतं. आणखी कोणाले नाई.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी शांतपणे म्हणालो, “मी फक्त सगळे शब्द लिहिले आहेत का तेवढं पाहिलं. लगेच परत दिलं ना तुला? आठव जरा. त्या आठवड्यात तुझ्या भिशीच्या बायका आल्या होत्या ना घरी?”

ती काही बोलणार तोच तिची आई तिच्यावर ओरडली, “मोठे जवाई काऊन खोटं बोलतीन? तूच कपाट उघडं ठेवलं असशीन!”

मी तिला कपाट लावताना पाहिलं होतं. गप्प बसलो. वर, व्हायरस आहे का बघतो म्हणून लॅपटॉप वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला माझ्या घरी आणला आणि पुसून कोरा केला. घाबरून केलं? सावकाश, चहा घेत केलं.

प्रशांतने पोलिसांत तक्रार दिली, हाती काही लागलं नाही. मुलगी नागपूरला गेली नाही. कपाटाची चावी प्रशांतच्या आईच्या कमरेला गेली. संगीताचं भिशीला जाणं बंद झालं. घरात थट्टा सुरू झाली — “संगीताले सांगू नोका, गावभर होईन.” तीही हसायची. मीही हसलो आहे त्या थट्टेला, समोर बसून. जामहून फोन आला की मात्र आधी मनात यायचं — कळलं असेल का? नुसतं खुशाली विचारायला असला तरी.

यंदा आमच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. गडबडीत माझी बायको अंगठीची डबी संगीताकडे देत म्हणाली, “हे धर गं जरा.” संगीताने हात मागे घेतले. “नोको ताई. माह्याजवळ नोको. माह्या हातून जाते वस्तू.”

त्यात टोमणा नव्हता. मी बाजूलाच उभा होतो, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला ते खरंच वाटत होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिने सोडून दिलं होतं, आणि माझं खोटं धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोला आणि सासूबाईंना घेऊन जामला गेलो. ज्यांच्यासमोर खोटं बोललो होतो, त्यांना बसवून सगळं सांगितलं — जाहिरात, चौकट, शब्द, पुसलेला लॅपटॉप. प्रशांत उठून दुकानात गेला. सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. बायको माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

 संगीताने हळूच विचारलं, “मंग मी कपाट लावलं होतं, भाऊजी?”

“लावलं होतंस,” मी म्हणालो. “माझ्यासमोर. मी खोटं बोललो आणि सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं. माझं चुकलं, संगीता.”