सलाईन म्हणजे जेवण न्हवं

तानामावशीची कबनूरला खानावळ होती. यंत्रमागावरून सुटलेला कामगार तिच्या दारातून उपाशी परतला, असं कधी घडलं नाही. उपाशी राहिला तो तिचाच नवरा, आणि तोही कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात.

अठ्ठ्याण्णव साली तिच्या नवऱ्याला, आकारामकाकांना, नसांचा आजार झाला. पाय लुळे पडले, मग हात, मग छाती. त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. माणूस पूर्ण शुद्धीत होता, पण हलायच्या फक्त पापण्या; 'हो' म्हणायचं तर त्या मिटायचा.

"दुखतंय?" मावशीनं विचारलं. पापण्या हलल्या नाहीत.

"भूक लागलीया?"

काका पापण्या मिटतच राहिले. डोळ्यांतून पाणी आलं.

मावशीनं डॉक्टरांना गाठलं. "ह्यांस्नी खायला काय देताय?"

"सलाईन चालू आहे की."

"आवं, मीठ-साखरेचं पाणी त्ये! त्यावर माणूस तगतोय व्हय?"

"नाकातून पोटात नळी घालून जेवण देऊ. आधी धोका टळू दे."

मावशी रोज विचारायची आणि उत्तर रोज उद्यावर जायचं. आठवडा उलटल्यावर नळी घातली, तोवर काकांच्या दंडांची हाडं दिसायला लागली होती. पुढं आजार ओसरला. बोटं हलली. पण यंत्र काढलं की काकांना धाप लागायची.

"छातीच्या स्नायूंत ताकदच उरली नाही," त्याच डॉक्टरांनी सांगितलं.

मग फुप्फुसात जंतू शिरले आणि काका गेले.

"आजारानं न्हाय गेले ह्ये!" मावशी भर दवाखान्यात ओरडली. "भुकेनं खंगवलंसा तुम्ही!"

"यात दोष कुणाचाच नाही हो."

"कुणाचाच न्हाय? मग मांस कुठं गेलं ह्यांचं?"

डॉक्टर पाठ फिरवून निघून गेले.

त्यानंतर मागांच्या सुट्टीदिवशी मावशी कोल्हापूरची एसटी धरायची आणि त्या दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहायची. "पावणं, आत कोण हाय तुमचं? पोटात काय जातंय, इचारलंसा का?" वॉचमननं हाकललं की समोरच्या फुटपाथवर जायची. आम्ही घरच्यांनीही समजावलं, तर आमच्यावरच खेकसली. पेशंटांचे नातेवाईक मात्र आत जाऊन विचारू लागले, भांडू लागले.

दोनेक वर्षांनी तिथली एक तरुण डॉक्टरीण वैतागून बाहेर आली. "मावशी, आता दुसऱ्या दिवसापासूनच नळीनं जेवण देतो आम्ही. जावा की घरी!"

"आदी का दिलं न्हाईसा?" मावशीनं विचारलं.

ती पोरगी आत निघून गेली. मावशी संध्याकाळपर्यंत तिथंच उभी होती.