सुयांची परीक्षा

निवृत्त झाले आणि माझी झोप गेली. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा पाठ टेकली की डोळा लागायचा. आता दिवसभर पेंगायचं आणि अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची, पण सकाळी डोकं भिजल्या पोत्यासारखं जड. त्यांनाच विचारून त्या हळूहळू बंद केल्या. राजारामपुरीत एक डॉक्टरीणबाई अ‍ॅक्युपंक्चर करतात असं कळलं होतं. म्हटलं, बघू. पण बघायचं तर नीट बघू.

तेव्हा माझी थोरली जाऊ दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनांसाठी शिरोळहून आमच्याकडे आली होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचे उपाय तयारच होते. दुधात जायफळ, आणि तळपायाला काशाच्या वाटीनं तूप.

"हे पण कर आन् सुया पण टोचून घे की."

"सगळं एकदम केलं तर झोप कशानं आली ते कसं कळणार, अक्का?"

"कशानं आली त्याचं काय लोणचं घालायचं हाय?"

मी ऐकलं नाही. संध्याकाळचा चहासुद्धा होता तसाच ठेवला. बदल एकच, सुया.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, "मॅडम, काहींना फरक पडतो, काहींना नाही. झोप येईलच असं मी सांगणार नाही." हे मला आवडलं. केसासारख्या बारीक सुया मनगटाला, घोट्याजवळ, भुवयांच्या मध्ये. टोचल्याचं जेमतेम कळलं.

पहिल्या काही खेपांत काहीच नाही. मग एका सकाळी कुकरच्या शिट्टीनं जाग आली. दूधवाला केव्हाच येऊन गेला होता.

"उठवलं का नाहीस?"

"जित्ती हाईस का तेवढं बघितलो, आन् दार लावून घेतलो," अक्का म्हणाली.

झोप रुळावर आली तेव्हा मी मुद्दाम सुया थांबवल्या. त्यांच्यावाचूनही टिकते का, ते बघायचं होतं. अक्का भडकली. "चालत्या गाडीला कोण खीळ घालतंय व्हय?" हळूहळू झोप पुन्हा उडाली. अक्कानं पुन्हा जायफळ पुढं केलं.

मला मात्र नवीच शंका आली. घरात मला कोणी निवांत पडू देत नाही. ती झोप सुयांची नसून दवाखान्यातल्या टेबलावर शांत पडण्याची तर नव्हती? मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, काही दिवस नुसतं पडू द्या, सुया नकोत.

त्या हसत सुटल्या. "सुया टोचून न घेण्यासाठी येणाऱ्या तुम्ही पहिल्याच पेशंट! पण सुया नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. मग परीक्षा कसली?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी हट्ट सोडला नाही. नुसती पडले. टेबलावर छान डुलकी लागायची, पण रात्री कोरड्याच. पुन्हा सुया सुरू केल्या. यावेळी झोप यायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले, पण आली.

एका माणसावरचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी जन्मभर पोरांना सांगत आले. सुयांनी काम केलं की सुयांवर बसलेल्या विश्वासानं, ते मला आजही सांगता येणार नाही. मला झोप लागते, हे मात्र छातीठोकपणे सांगते.

दुसराही डोळा बरा झाल्यावर अक्का घरी निघाली. बसस्टँडवर तिनं माझा चेहरा जवळून न्याहाळला.

"तुझ्या डोळ्याखालचं काळं गेलं की ग."

"सुयांनी असेल," मी म्हटलं.

"काय का असंना, आता निदान माणसात आलीस," ती म्हणाली आणि बसमध्ये खिडकीची जागा धरायला वळली.