मशीनपुढं घासलेलं नाक

शेठनं बाबाची मानगूट धरली आणि खाली दाबली. "घास. मशीनपुढं घास नाक."

बाबानं घासलं. फरशीवर सांडलेलं पाणी होतं, डाळीची टरफलं होती. मग रक्त.

मशीन बाबानं जाळली नव्हती. मी जाळली होती.

सेलूजवळच्या त्या डाळमिलमध्ये बाबा हमाल. मी बी.ए. झालेला, म्हणून मला नव्या मशीनवर घेतलं होतं. कॅमेऱ्यानं डागी दाणा हेरायचा आणि हवेच्या झोतानं उडवायचा, अशी ती महागडी मशीन. खंडेनवमी आली. त्या दिवशी मिलमधलं प्रत्येक यंत्र धुऊन पूजतात. पूजेला आम्ही मागं. धुवायला पुढं.

"सगळ्या मशिनी चकाचक पायजेत," शेठ म्हणाला.

पाणी लावू नये, हे मशीनच्या पुस्तकात मी वाचलेलं होतं. पण खंडेनवमीला न धुतलेलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. सवयीनं बादली उचलली. ओतली.

शेठनं नारळ फोडला, बटण दाबलं. आत फट् आवाज झाला. धूर.

"म्हैस धुतली का रे, भाड्या?" तो मशीनचा जुना पट्टा घेऊन धावला. पहिला फटका माझ्या खांद्यावर फुटला. दुसऱ्याच्या आधी बाबा मधे आला, हात जोडून. "लेकरू हाय, शेठ. चुकलं त्याचं."

"तुमच्या लोकांचा हात लागला की वाटोळंच. तू घास मग नाक."

बाकीचे हमाल खाली बघत राहिले. मीही हललो नाही. मशीन माझ्या हातून गेली, म्हणजे हे आमच्या वाट्याचंच, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

मायला बाबानं सांगितलं, "पोतं निसटलं." नाकाला हळद लावताना मला हळूच म्हणाला, "तुला अजून मारलं असतं तर मला लय लागलं असतं. माझं नाक तसं बी बसकंच हाय." तो हसला. मला जमलं नाही. पुढं न्हाणीत अंगावर पाणी घेतलं तरी तो फट् आवाज यायचा.

बाबा या महिन्यात गेला. पोती चढवताना छातीत कळ आली.

काल घरी बाबाच्या पुण्यानुमोदनाला, त्याच्या नावानं वंदना घ्यायला सगळे जमले, तेव्हा शेठ आला. खुर्चीत बसला. आमच्या घरच्या पाण्याला शिवला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हातारा सोन्यासारखा. पोरानं मशीन जाळली, त्याचाच घोर घेतला त्यानं."

मायनं माझ्याकडं पाहिलं.

माझी मूठ वळली. त्याला खुर्चीसकट आडवा करावा, त्याचं तोंड दारातल्या दगडावर रक्त येईपर्यंत घासावं, असं वाटलं. दात आवळून उभा राहिलो.

"मशीन मी जाळली, शेठ. बाबाचं नाक कुणी घासलं, ते सांगा की यांना."

"आज कशाला रे तो विषय?"

"कुणाचं नाक?" माय उठली. "पोतं निसटलं म्हनले होते ते."

बाबाचा जोडीदार हमाल, डोळे पुसत, म्हणाला, "न्हाई वहिनी. मी तिथंच होतो. मुंडी खाली घालून होतो."

शेठ चप्पल शोधायला लागला.

मशीनची चूक माझी. ती मी मरेपर्यंत वागवीन. पण बाबाच्या नाकाचं रक्त माझ्या हाताला लावून घेणार नाही. आज मी पोलीस ठाण्यात चाललोय. माय आणि तो हमालही सोबत आहेत. पहिलं वाक्य ठरलंय: मशीन मी जाळली.

दुसऱ्या वाक्यात शेठचं नाव.