मुद्देमालातला दात

इन्स्पेक्टरांनी कागदाची घडी माझ्या ट्रेमध्ये उघडली आणि म्हणाले, “हा तो दात. सील करायच्या आधी बघून घ्या.”

मी बघितलं. दात चिनीमातीचा होता.

पुढून तो अगदी खऱ्या दातासारखा दिसत होता, थोडा पिवळसर आणि कडेला फुटलेला. पण पालथा केला तर आत गुळगुळीत गोल भोक होतं. इन्स्पेक्टरांना ती दाताची नस वाटली असावी. मला ती दांडी बसवायची जागा दिसली. वरचा दात किडून गेला आणि मूळ चांगलं राहिलं, तर त्या मुळात धातूची बारीक दांडी बसवतात आणि तिच्यावर चिनीमातीचा दात चढवतात. आम्ही त्याला पिव्होट म्हणायचो. कन्नडात चिनीमातीला पिंगाणी म्हणतात. हा शब्द पुढे लागणार आहे.

साल साठच्या अलीकडचं. बेंगळूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी दंतविभाग सांभाळत होते. शिक्षण मुंबईचं, सासर बसवनगुडीचं. सासरची मंडळी कित्येक पिढ्या इथलीच. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि तोवर माझ्याही मराठीत ते शिरलं होतं. इन्स्पेक्टर नंजुंडय्यांशी झालेलं बोलणं कन्नडातलं. इथे मराठीत देते.

“कसं झालं?” मी विचारलं.

“शिवाजीनगरच्या स्टँडवर जटकावाल्यानं चाबकाच्या दांड्यानं मारलं. माणूस ड्यूटीवर होता, अंगात युनिफॉर्म होता.” जटका म्हणजे आमच्याकडचा घोड्याचा टांगा. “ग्रीव्हस लिहा. सही करा. मी थांबतो.”

हे ‘ग्रीव्हस’ काय ते सांगते. मारहाणीतल्या माणसाला तपासलं की डॉक्टर एक दाखला देतो. त्यावर दोन शब्द छापलेले असतात, सिंपल आणि ग्रीव्हस. साधी दुखापत आणि गंभीर दुखापत. यातला लागू नसलेला शब्द खोडायचा. गंभीर कशाला म्हणायचं याची कायद्यात यादी आहे. हाड मोडलं तर गंभीर. दात मोडला तरी गंभीर. मांडी मोडा नाहीतर दात मोडा, खाना एकच. आणि मार खाणारा ड्यूटीवरचा पोलीस असेल तर साध्या दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद, तीही मॅजिस्ट्रेटसमोर. गंभीर असेल तर खटला सेशन्स कोर्टात जातो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत चढते.

“पर्यंत,” इन्स्पेक्टर म्हणाले. “तिथंच सगळा घोटाळा आहे, डॉक्टरम्मा. माझ्या एका हवालदाराचं डोकं फोडलं. फोडणारा दंड भरून सुटला आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर बसून कॉफी पीत होता. म्हणून वर सरकारात नव्या कायद्याचा मसुदा चाललाय. पोलिसाला गंभीर दुखापत केली की कमीत कमी तीन वर्षं. जज्जाला त्याखाली उतरता येणार नाही. मसुद्यासोबत अशा केसेस जोडून पाठवायच्यात. ही केस स्वच्छ आहे.”

त्यांचा राग खोटा नव्हता. हवालदाराचं डोकं आमच्याच दवाखान्यात शिवलं होतं.

“तपासल्याशिवाय मी काहीच खोडत नाही,” मी म्हणाले. “आणि तपासताना खोलीत पोलीस नको.”

“तोही पोलीसच आहे.”

“तो पेशंट आहे. तुम्ही बाहेर बसा.”

ते बाहेर गेले, पण दारातच उभे राहिले. काचेवर त्यांची सावली दिसत होती.

कॉन्स्टेबलचं नाव चिक्कण्णा. तिशीचा, आडव्या अंगाचा माणूस. वरचा ओठ आतून फाटलेला, सुजलेला. हिरडीत दांडीचं टोक चमकत होतं. मी आरसा आत घातला, तसा त्यानं माझं मनगट धरलं.

“अम्मा, तो दात माझा नव्हे.”

“दिसतंय.”

“भरतीच्या आधी बसवला. पुढचा दात नसला तर मेडिकलला नापास करतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. साहेबांना ठाऊक नाही. सांगू नका.”

“मी खोटं लिहिणार नाही, चिक्कण्णा.”

“लिहू नका. फक्त बोलू नका.”

त्याची नजर दाराच्या काचेकडे गेली. माझीही. दोघांची भीती एकाच सावलीची होती.

तरी प्रश्न सुटला नव्हता. दात खोटा असला तरी मूळ त्याचं स्वतःचं होतं. फटका दांडीतून मुळात उतरला असेल आणि मूळ तडकलं असेल, तर तो खराच मोडलेला दात झाला असता. मग मला ‘सिंपल’ खोडावं लागलं असतं आणि मी ते खोडलं असतं. म्हणून एक्स-रे घेतला.

फिल्म धुऊन ओलीच उजेडासमोर धरली. मुळावर आडवी रेघ होती.

मी खुर्चीवर बसले. रेघ केसासारखी बारीक. एका अनोळखी जटकावाल्याची दहा वर्षं त्या केसावर लटकत होती. पण आम्हाला शिकवलं होतं की एका फिल्मवर विश्वास ठेवू नये. तडा असेल तर कोन बदलला तरी तो कुठेतरी दिसतोच. ओरखडा असेल तर तो त्या एका फिल्मचाच. कोन बदलून दुसरी काढली. मूळ स्वच्छ. आणखी कोन बदलून तिसरी. तीही स्वच्छ. मग पहिली फिल्म तिरकी धरून निरखली, तर रेघ तिच्या पृष्ठभागावर होती. चिमट्याचा ओरखडा.

दाखल्यात लिहिलं: ओठाला जखम, कृत्रिम दात फुटला, मूळ शाबूत. पेन उचललं आणि ‘ग्रीव्हस’ खोडलं. रेघ सरळ आली नाही.

इन्स्पेक्टरांनी वाचलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग चिक्कण्णाकडे. चिक्कण्णा जमिनीकडे बघत होता.

“कृत्रिम?” ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. मला चढलेला आवाज चालला असता. “तुमचे मिस्टर रोज सायकलवरून शाळेत जातात ना? गांधी बाजारातून?”

“हो.”

“रहदारी वाढलीय. जपून जायला सांगा.”

दात कागदात गुंडाळून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंटसाहेबांनी बोलावलं. “बाई, पोलिसांशी आपलं रोजचं काम पडतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं?”

“तुम्ही लेखी हुकूम द्या सर. मी फाइलला लावते.”

त्यांनी लेखी दिला नाही. तोंडीही परत दिला नाही.

भीती वाटली की मी यादी करते. त्या आठवड्यात दोन केल्या. एक, काय काय होऊ शकतं: बदली, चौकशी, यांच्या सायकलला धक्का, मुलींची शाळा अर्ध्यात सुटणं. दुसरी, मला काय नक्की ठाऊक आहे: मूळ शाबूत आहे. पहिली यादी रोज वाढत होती. दुसरीत तेवढी एकच ओळ राहिली. घरासमोर संध्याकाळी जीप उभी राहू लागली. कुणी उतरत नसे. नवऱ्याच्या सायकलचा दिवा दोनदा तपासला गेला, दोन्ही वेळा भर उन्हात. ते घरी येऊन हसले. मी हसले नाही. मुलींना अंगणात खेळायची बंदी केली आणि कारण सांगितलं नाही.

एके दिवशी ओपीडीत एक बाई रांगेतून आत आली. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. खुर्चीत बसून तिनं तोंड उघडलं. मी सगळे दात पाहिले.

“तुमचे दात उत्तम आहेत. दुखतंय कुठे?”

“दुखत न्हाई. आत यायला हीच वाट हुती,” ती मराठीत म्हणाली. “मी गंगूअक्का. जटकावाल्या यल्लोजीची थोरली बहीण.”

माझ्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. “अक्का, तुम्ही आत्ताच्या आत्ता जा. साक्षीच्या आधी तुम्ही इथे दिसलात तर माझी साक्ष कुणी धरणार नाही.”

“जाते. स्वल्प ऐका. तुमच्या दारात जीप थांबती म्हणतात. भ्यालात काय?”

“भ्याले.”

“सरी, ठीक हाय. आम्हीबी भ्यालोय.” ती उठली. “यल्लोजीनं मारलं. मी कुठं न्हाई म्हणते? पोलिसानं जटका हटवायला घोड्याच्या तोंडावर लाठी हाणली, डोळाच गेला त्या मुक्याचा. ह्यानं दांडा उलटा धरून मारला. मारलं ते भोगू दे त्याला. न मोडलेलं कशाला भोगायचं?”

मी दाराकडे बोट दाखवलं. बोलायचं नव्हतं. ती दारापर्यंत गेली आणि वळली. “ह्या दातांचं औषध काही लिवून द्या. रिकाम्या हातानं गेले तर बाहेरचा शिपाई विचारंल.”

मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या लिहून दिल्या.

साक्षीच्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर पुडा फोडला. लाखेची सीलं, पंचांच्या सह्या, आणि आत मुद्देमाल म्हणून तोच चिनीमातीचा तुकडा. पोलीस दाखल्यावर समाधानी नव्हते. केस सेशन्सकडे पाठवावी असा सरकारी वकिलांचा अर्ज होता. मॅजिस्ट्रेटनी तो मानला असता, तर माझा खोडलेला शब्द परत जिवंत झाला असता.

यल्लोजी पिंजऱ्यात उभा होता. बारीक, पन्नाशीकडे झुकलेला. इन्स्पेक्टर पहिल्या बाकावर. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी तिकडेच बघत होते.

“डॉक्टर,” सरकारी वकील म्हणाले, “मूळ खरं होतं ना?”

“होतं.”

“मग खऱ्या मुळावर बसलेला दात हा शरीराचाच भाग झाला की नाही?”

“टोपी खऱ्या डोक्यावर बसते, साहेब. टोपी फाटली म्हणून डोकं फुटलं असं मी लिहीत नाही.”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. मला हसू येत नव्हतं, कारण वकिलांच्या हातात फिल्म होती. पहिली.

“मग ही रेघ काय आहे?”

यल्लोजीला इंग्रजी कळत नव्हतं, पण रेघेवर ठेवलेलं बोट त्याला दिसत होतं. त्यानं कठडा घट्ट धरला.

“तो फिल्मवरचा ओरखडा आहे. माझ्याच चिमट्याचा.”

“सोयीचा ओरखडा!”

“गैरसोयीचा,” मी म्हणाले. “त्याच्यामुळे मला आणखी दोन फिल्म काढाव्या लागल्या. त्या पाकिटातच आहेत. तुम्ही बाहेर काढल्या नाहीत.”

मॅजिस्ट्रेटनी पाकीट मागितलं, खिडकीपाशी गेले आणि एकेक फिल्म उजेडाला धरली. नंतर पहिलीवरून नखाचं टोक फिरवलं. “लागतो हाताला,” ते म्हणाले, आणि अर्ज फेटाळला.

मग त्यांनी चिक्कण्णाला उभं केलं. दात कधी बसवला? भरतीच्या आधी. घोड्याला तुम्ही मारलं? चिक्कण्णानं इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. “हो साहेब. तो हलत नव्हता.”

यल्लोजीला चार महिन्यांची कैद झाली. निकाल देताना मॅजिस्ट्रेट म्हणाले, “पोलिसावर हात टाकला, त्याची शिक्षा दिली आहे. घोड्याचा डोळा गेला, तोही मोजला आहे. दोन्ही मोजायची मोकळीक आज मला आहे.” आज या शब्दावर त्यांनी थोडा जोर दिला. मसुद्यावर त्यांचंही मत मागवलेलं असणार.

यल्लोजीनं सजा भोगली. एका डोळ्याचा घोडा गर्दीत बुजायला लागला, म्हणून पुढे तो आनेकलच्या रस्त्याला जटका हाकू लागला. तिथे पोलीस कमी होते. मला महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, लांबच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात. कारण: प्रशासकीय. पहिल्या यादीतलं तेवढं एक खरं झालं.

मसुद्याचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. कमीत कमी शिक्षा लिहून ठेवली की जज्जाचा लहरीपणा संपेल, असं नंजुंडय्यांना मनापासून वाटत होतं. लहरी माणूस मलाही नको. पण जज्जाची मोकळीक काढली की ती नाहीशी होत नाही. ती खाली सरकते आणि दोन छापील शब्दांवर पेन धरून बसलेल्या माणसाच्या हातात येते. त्याच्यासमोर ना वकील असतो, ना लोक. त्याच्या काचेवर सावली असते. मी त्या दिवशी बरोबर शब्द खोडला. दुसऱ्या कुणाचा नवरा सायकलवरून जाणारा नसेल, आणखी काही असेल. तो पेन धरणारा कोणता शब्द खोडेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

बदलीच्या आधी चिक्कण्णा नवा दात बसवायला आला. नोकरी शाबूत होती. सोबतचे त्याला पिंगाणी म्हणून हाक मारत होते, एवढंच.

“अम्मा, या खेपेला लोखंडासारखा बसवा. कुणी कितीही मारलं तरी फुटता कामा नये.”

“तसाही बसवता येतो,” मी म्हणाले. “पण मग सगळा फटका खाली जाईल आणि मूळ फुटेल. वरचं फुटलं म्हणून तुझं मूळ वाचलं.”

त्यानं विचार केला. “मूळ फुटलं तर ग्रीव्हस?”

“ग्रीव्हस.”

“म्हणजे परत साहेब, कोर्ट, तुम्ही, सगळं?”

“सगळं.”

त्यानं घाईघाईनं तोंड उघडलं. “नको, नको. पिंगाणीच बसवा.”