मानेचा पट्टा

मानेला पट्टा बांधून ऑफिसात गेले त्या दिवशी साहेबांनी स्वतः उठून मला चांगली खुर्ची दिली. खरं सांगायची ती वेळ होती. मी थँक्यू म्हणाले.

मी महाडला राहते आणि पोलादपूरच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर नोंदी टाकते. त्या पुढे कुठे जातात, मला कधी कळलेलं नाही. ब्लाउज मात्र कुठे जातो ते कळतं. अंगावर जातो. म्हणून संध्याकाळी एसटीतून उतरले की चहा घेऊन शिलाई मशीनवर बसायची. हौस. कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या बौद्धवाडीत जयंतीला, पौर्णिमेला, लग्नाला बायका पांढऱ्या साड्या नेसतात. सगळ्या सारख्याच दिसतात; वेगळं दिसायला उरतो तो ब्लाउजचा मागचा गळा. त्यात पान गळा, मटका गळा, नाडी-गोंड्याचा गळा. वाडीत माझी ओळख तेवढीच, हिच्या हातचा गळा खांद्यावरून उतरत नाही. तो कापायचा तर जमिनीवर बसून मान खाली घालावी लागते. मी वर्षानुवर्षं घातली.

डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे, काम काय करता? मी म्हणाले, कॉम्प्युटर. आणखी काही? नाही. नवरा शेजारीच बसला होता. परत येताना गाडीवर तो म्हणाला, "मशीनचं नाव नाही काढलंस."

"विसरले."

त्याने विषय तिथेच सोडला. त्याचाही सदरा मशीनवर होता.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर माझ्याहून बरीच लहान एक मुलगी बसते. डोंगरातल्या गावची, नवरा मुंबईला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नका वाकू. तुमच्या नोंदी मी टाकते." मी नको म्हणाले. एकदाच म्हणाले.

त्यानंतरचे महिने मी घरी ताजीतवानी पोचायची आणि जास्त शिवायची. मान काही बरी होईना. डॉक्टरांनी विचारलं, कॉम्प्युटर कमी केलात ना? मी म्हणाले, बंदच केलाय. हे खरं होतं. डॉक्टर कोड्यात पडले. सासूबाईंनी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर पाठवलं. तिथे मान शेकून आले आणि त्याच संध्याकाळी दोन गळे कापले.

जयंती जवळ आली तशी कापडांची पिशवी फुगली. आणि एका सोमवारी ती मुलगी मानेला पट्टा बांधून ऑफिसात आली. माझ्यासारखाच, त्याच रंगाचा. "ताई, आता आपली जोडी जमली," म्हणाली. साहेब म्हणाले, हे कॉम्प्युटर माणसं खाणार एक दिवस. सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. खरं बोलले तर शिवण सुटणार, हे मला माहीत होतं. गप्प राहिले तर हिची मान जाणार, तेही आता समोरच बसलं होतं.

दुपारी डबा उघडल्यावर मी सांगितलं.

"माझी मान कॉम्प्युटरने गेलेली नाही."

"मग?"

"शिवून. ब्लाउजचे गळे कापून."

तिने भाकरी खाली ठेवली. "अजून शिवता?"

"काल शिवलं."

"आणि नोंदी मी टाकतेय."

"हो."

तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती खुर्चीसकट माझ्याकडे वळली. "लोकांचे गळे कात्रीने कापता ना ताई? माझा केसाने कापलात."

हसण्यासारखं होतं. कोणी हसलं नाही. तिने डबा बंद केला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन जेवली.

मी साहेबांना जाऊन सांगितलं. माझ्या नोंदी परत घेतल्या आणि तिच्याही मागून घेतल्या. डॉक्टरांनाही सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. शिवणं थोडं, कापायचं ते टेबलावर, उभ्याने, असं ठरलं. जयंतीची कापडं मी घरोघर परत केली. चुलत जाऊ दारातच म्हणाली, "काय गो, सरकारी मानूस झालीस म्हणून आता आमचं नको काय?"

"मान दुखते वहिनी."

"ती काय आज दुखतेय? पहिल्यापासून दुखतेय तुझी. तेव्हा बरी शिवायचीस."

मी कापड तिच्या हातात दिलं आणि पुढच्या घरी गेले. जयंतीला सगळ्याजणी बाजारातल्या टेलरचे ब्लाउज घालून आल्या आणि कार्यक्रमभर खांदे वर ओढत राहिल्या. वाईट वाटायला हवं होतं. मला आधी बरं वाटलं, वाईट मग वाटलं.

आता रविवारी सकाळी तेवढं शिवते. त्या मुलीचा पट्टा केव्हाच निघाला. मला ती ताईऐवजी मॅडम म्हणते. तिच्या नोंदी अजून माझ्याकडेच आहेत. तिने परत मागितल्या नाहीत, मी विचारलेलं नाही.