मंजुश्रीची झडप

उंद्रीच्या मंजुश्रीला लहानपणी घसा धरून ताप यायचा आणि मग गुडघे सुजायचे. तिचे आईबाप, दयाराम आणि बेबीताई, शेतमजुरीवर जाणारी माणसं. तेल चोळायचे, ताप उतरला की कामावर जायचे. त्या तापानं हृदयाची एक झडप आकसत नेली होती, हे कळलं ती बुलढाण्याच्या कॉलेजात गेल्यावर. जिना चढताना ती मध्येच बसायची. मैत्रिणी म्हणायच्या, नखरे करते. मग एकदा खोकल्यातून रक्त पडलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी छाती उघडून ती झडप काढली आणि धातूची बसवली.

"ही जन्मभर टिकेल," डॉक्टर म्हणाले. "पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची. ती बंद झाली तर झडपेवर रक्त गोठतं आणि झडप अडकते. हिचा टकटक आवाज येत राहील. तो दबला वाटला, तर घरी थांबायचं नाही."

मंजुश्री घरी आली, शिवणकाम शिकली. कात्री लागली की तिचं रक्त लवकर थांबत नसे, म्हणून बोटाला चिंधी गुंडाळून ब्लाउज बेतायची. उंद्रीतल्या बायका तिच्याकडे रांग लावायच्या, कारण तिनं बेतलेला गळा कधी चुकत नसे. आणि बोलायची अशी, की माप द्यायला आलेली बाई तासभर उठत नसे.

डोणगावच्या चंद्रशेखरनं तिला मागणी घातली. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दयारामनं बैठकीतच सगळं सांगितलं. "पोरीच्या छातीत मशीनची झडप हाये. मागून म्हणू नका की सांगतलं नाई."

"मले चालते," चंद्रशेखर म्हणाला. पहिली काही वर्षं त्याला खरंच चालत होतं. रात्री तिच्या छातीला कान लावून तो आवाज ऐकायचा आणि हसायचा.

मग ती गरोदर राहिली. ती गोळी पोटातल्या बाळाला घातक असते, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, पण गर्भ टिकला नाही. पुन्हा प्रयत्न केला तर आईच्या जिवालाही धोका आहे, असं डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं. मंजुश्री म्हणाली, "आपण दत्तक घेऊ." चंद्रशेखर उठून दुकानात गेला. सासू रुख्मिणीबाई रोज टोचून बोलायच्या.

"ते गोळीच लेकरू खाऊन राह्यली. रगत पानी झाल्यावर पोट कसं धरन?"

मंजुश्री आठवड्याच्या गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत ठेवायची. एका दुपारी ती न्हाणीत असताना चंद्रशेखरनं ती डबी रिकामी केली आणि तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या गोळ्या भरल्या. माहेरी आलेली त्याची बहीण पायल दारातून बघत होती.

"काय करून राह्यला, दादा?"

"तू तुह्या घरचं पाह्य."

पायल दारातून मागे फिरली. डबी भरायचं काम मग चंद्रशेखरनंच आपल्याकडे घेतलं. मंजुश्रीला वाटलं, नवरा काळजी करतोय. रक्त किती पातळ आहे ते मेहकरला तपासायला जायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, दुकानात गर्दी आहे, पुढच्या महिन्यात जाऊ.

एकदा भाकरी थापता थापता ती थांबली. "अहो, छातीतला आवाज दबल्यासारखा वाटते. डॉक्टरनं सांगतलं होतं, असं झालं तं लगेच या."

"सवय झाली असन कानाले," तो म्हणाला.

दोन पावलं चालली की तिला दम लागू लागला. उशा रचून ती बसून झोपायची. शेवटी तिनं आईला फोन लावला. बोलता बोलता तिची जीभ अडखळली, उजव्या हातातून फोन पडला. झडपेवरची रक्ताची गाठ तुटून मेंदूत गेली होती.

संभाजीनगरला तिची छाती पुन्हा उघडली आणि झडप बदलली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टरांनी चंद्रशेखरला विचारलं, "गोळी बंद होती का?"

"विसरायची ती," तो म्हणाला. "मी किती समजावू?"

मंजुश्री शुद्धीवर होती. सगळं ऐकत होती. तिचे ओठ हलले, आणि तेव्हा कळलं की तिच्यापाशी होकाराचा एकच शब्द उरलाय. काहीही बोलायला गेली की तोंडातून निघायचं, "हाव."

चंद्रशेखरनं तिला उंद्रीला आणून सोडलं. फारकतीसाठी दोन्हीकडची माणसं विहाराच्या ओट्यावर बसली. गावचे गुलाबराव जाणते होते. त्यांनी तिच्यासमोर बसून प्रेमानं विचारलं, "बाई, तू गोळ्या विसरत होती का?"

तिचं तोंड लाल झालं. तिनं डावा हात ओट्यावर आपटला. "हाव," ती म्हणाली. "हाव, हाव."

दयाराम उठला. "असं नाई. मी इचारतो. मंजू, यानं तुह्या गोळ्या बंद केल्या का?"

"हाव."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. "ते तं कशालेई हाव म्हणते," कुणीतरी म्हणालं. मागे बायकांत कुणी हसलं. गुलाबरावांनी डोळे पुसले आणि फारकत मान्य केली.

काही महिन्यांनी पायल आली. उंबऱ्याशीच बसून तिनं बेबीताईला डबीचं सांगितलं. मंजुश्री खाटेवर होती.

"हेच चार लोकांत सांग, माय," बेबीताई म्हणाली. "पाया पडते तुह्या."

"माह्यं माहेर तुटन, मावशी. मले बोलावू नका." पायलनं केळी पुढे ठेवली आणि परतीची एसटी धरली.

दयाराम पोलिसांकडे गेला. साक्षीदार आणा, असं त्यांनी सांगितलं. पायलनं त्याचा फोन पुन्हा उचलला नाही.

वैशाखात चंद्रशेखरचं दुसरं लग्न झालं. गुलाबरावांना पत्रिका आली होती. ते गेले आणि जेवूनही आले.